गाडीतली हत्यारं निवडताना

घरातला पाना झिजला, पक्कडीचा जबडा नीट मिटेनासा झाला किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक बोथट झालं, की ती वस्तू टाकवत नाही. ‘असू दे अडीनडीला’ म्हणत ती गाडीच्या डिकीत जाते. मला हा प्रकार पूर्ण उलटा वाटतो. घरी पाना घसरला तर दुसरा शोधता येतो, दिवा जवळ ओढता येतो, काम उद्यावर टाकता येतं. रस्त्याच्या कडेला यातलं काहीच जमत नाही. उजेड अपुरा, हात दमलेले, आणि सोडवायचा बोल्ट कित्येक महिने चिखलपाणी खाऊन जाम झालेला. एकदा पाना घसरून बोल्टचं डोकं गोल झालं, की गाडी ओढून न्यायला कुणाला तरी बोलावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून माझ्याकडच्या सगळ्यांत चांगल्या हत्यारांची जागा गाडीत, हे आधी ठरवलं आणि मग निवडीला बसले.

पहिला मोह तयार पेटीचा होता. शंभरावर नग, प्रत्येकाला आपापला खोबणीतला कप्पा, बघूनच समाधान वाटावं अशी मांडणी. पण एकेक नग काढून पाहिला तेव्हा लक्षात आलं की संख्या फुगते ती छोट्या बिटांमुळे. ४, ४.५, ५ मिलिमीटरच्या गोट्या (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखे बसणारे सॉकेट), त्याच रांगेत इंची मापाच्या गोट्या. यातली एकही मी रस्त्यावर वापरणार नव्हते. उलट जी हमखास लागते ती चाकाच्या नटाची खोल गोटी पेटीत नव्हती, पक्कडही नव्हती. घरासाठी पहिला संच घेणाऱ्याला अशी चांगल्या कंपनीची पेटी जरूर परवडते. गाडीत मात्र जागा आणि वजन दोन्ही मोजून वापरायचं असतं, म्हणून मी सुटी हत्यारं घ्यायचं ठरवलं.

सुटी घ्यायची म्हणजे काय काय लागेल ते आधी माहीत हवं. ते दुकानात कळत नाही, गाडीपाशी कळतं. एका मोकळ्या सकाळी गाडीची पुस्तिका, एक वही आणि उसनी आणलेली गोट्यांची पेटी घेऊन मी बॉनेट उघडलं. प्रत्येक बोल्टपाशी एकच प्रश्न: रस्त्यावर वेळ आली तर हा मी स्वतः खोलणार आहे का? इंजिनचं हेड, गिअरबॉक्स, ब्रेक कॅलिपर यांना उत्तर ‘नाही’. बॅटरीचे टर्मिनल, बॅटरी धरून ठेवणारी पट्टी, एअर फिल्टरचं खोकं, दिव्यांचे होल्डर, होसच्या क्लिपा, वायपरचा दांडा, इंजिनखालचं लोंबू शकणारं प्लास्टिकचं आवरण, आणि अर्थात चाकं यांना ‘हो’. प्रत्येक ‘हो’पुढे माप लिहिलं. शेवटी वहीत ८, १०, १२, १४ एवढीच मापं उरली, चाकाला १९, आणि क्रमांक २चा प्लस स्क्रू सगळीकडे. इतक्या मोठ्या गाडीला वरवरच्या कामांसाठी इतकी थोडी मापं पुरतात हे पाहून मला फार बरं वाटलं.

तुमच्या गाडीची यादी वेगळी निघेल, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे. पान्यावर छापलेलं माप बोल्टच्या डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर असतं, आट्यांची जाडी नव्हे. ८ मिमी आट्यांच्या बोल्टला आंतरराष्ट्रीय मानकानुसार १३चं डोकं असतं. जपानी गाड्यांत त्याच जाडीच्या बोल्टला बहुधा १२चं डोकं सापडतं. म्हणून जपानी घराण्याच्या गाडीत १०, १२, १४, १७ ही मालिका दिसते, तर युरोपीय गाडीत १०, १३, १६ किंवा १७, १८ किंवा १९, आणि जोडीला सहा पाकळ्यांच्या ताऱ्यासारखे टॉर्क्स स्क्रू. हे टॉर्क्स १९६७ साली आले आणि आता बऱ्याच गाड्यांत प्लसच्या जागी बसलेत. आमच्या गाडीचं काम बघणाऱ्या मिस्त्रीकाकांना मी वही दाखवली तेव्हा ते म्हणाले, “ताई, तेराचा पाना बाराच्या डोक्यावर बसतो. सैल बोल्ट असेल तर फिरवतोही. पण जाम बोल्ट आला की कोपरे खाऊन टाकतो. म्हणून बारा लागत असेल तर बाराच घ्या, ‘तेरा चालेल’ म्हणू नका.”

आता पान्यांकडे येते, कारण दर्जा म्हणजे नेमकं काय ते मला पान्यांवरच उमजलं.

१० मिमीचा पाना काटेकोर १० मिमीचा नसतो. तो बोल्टवर सहज चढावा म्हणून तोंड किंचित मोठं ठेवतात, आणि किती मोठं चालेल याच्या मर्यादा मानकात ठरवलेल्या असतात. चांगला बनवणारा या मर्यादेच्या खालच्या टोकाजवळ राहतो. हलक्या पान्यात फट जास्त असते. फट जास्त म्हणजे पाना डोक्यावर थोडा फिरून मगच पकड घेणार, आणि ती पकड सपाट बाजूंवर न येता कोपऱ्यांवर येणार. कोपऱ्यावर सगळा जोर एका रेघेत एकवटतो आणि लोखंड दबतं. बोल्ट गोल होतो तो असा.

हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. मी खिशात १० आणि १२च्या डोक्याचे दोन कोरे बोल्ट घेऊन हिंडायचे. पाना बोल्टवर चढवायचा, बोल्ट एका हातात घट्ट धरायचा आणि पान्याचं दुसरं टोक हळूच इकडेतिकडे हलवायचं. टोकाशी किती मोकळी हालचाल होते ते लगेच डोळ्यांना दिसतं. दोन पाने शेजारी शेजारी असे हलवून पाहिले की किंमत, चकाकी, खोका सगळं विसरायला होतं. हातच सांगतो कुठला चांगला. बोल्ट कोराच हवा, कारण झिजलेल्या डोक्यावर सगळेच पाने सैल वाटतात.

मग मी गोटीच्या आत डोकावून बघायला शिकले. चांगल्या गोटीच्या आतले कोपरे टोकदार नसतात, त्यांना बारीकसा गोल खोलगटपणा दिलेला असतो. त्यामुळे बोल्टचा कोपरा गोटीला टेकतच नाही आणि जोर सपाट बाजूवर, कोपऱ्यापासून थोडा आत पडतो. ही रचना आता अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी देतात. रिंग पान्यात, म्हणजे बोल्टला चहूबाजूंनी वेढणाऱ्या बंद तोंडाच्या पान्यातही ती असते. एवढ्याशा खोलगटपणाने गंजलेल्या बोल्टवर किती फरक पडतो ते मी मिस्त्रीकाकांच्या टेबलावर, मुद्दाम अर्धवट घासलेल्या जुन्या बोल्टवर करून पाहिलं. साधी गोटी घसरली, ही धरून राहिली.

सहा कोनी की बारा कोनी हा वाद जुना आहे. बारा कोनी रिंग दर ३० अंशांवर बोल्टवर बसते, सहा कोनी ६० अंशांवर. अडचणीच्या जागी दांडा फिरवायला जागा कमी असली की बारा कोनी सोयीची. पण सहा कोनीत भिंत बोल्टच्या बाजूला जास्त लांबीवर भिडते, त्यामुळे जाम बोल्टवर ती भरवशाची. मी असं ठरवलं: गोट्या सगळ्या सहा कोनी, कारण रॅचेट, म्हणजे एका दिशेने पकड घेऊन उलट दिशेने मोकळा फिरणारा दांडा, असल्यावर कोनाची अडचण उरतच नाही, आणि पान्यांच्या रिंगा बारा कोनी. पाने एका टोकाला रिंग, दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असे घेतले, दोन्हीकडे एकच माप. उघड्या तोंडाची पकड फक्त दोन बाजूंवर असते आणि जोर वाढला की ते तोंड फाकायला बघतं. म्हणून पहिला हिसका रिंगने द्यायचा, बोल्ट सैल झाला की उघड्या तोंडाने भराभर फिरवायचा. ते तोंड दांड्याशी १५ अंश तिरकं असतं, ते उगीच नाही. पाना उलटा केला की तिरकेपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि ३० अंशांच्या फटीतही नट फिरत राहतो. १०चे पाने मात्र दोन घेतले. एकीकडून बोल्ट धरायचा आणि दुसरीकडून नट फिरवायचा प्रसंग याच मापात सगळ्यांत जास्त येतो.

पोलादाबद्दल थोडं. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं असतं, पण त्यावरून फक्त मिश्रधातू कळतो. त्याला उष्णतेचे संस्कार कसे दिलेत, म्हणजे तापवून, झटकन थंड करून, पुन्हा बेताचं तापवून त्याची कडकाई आणि चिवटपणा यांचा मेळ कसा घातला आहे, ते अक्षरांत लिहिलेलं नसतं. फार कडक पाना तुटतो, फार मऊ पाना फाकतो. डोळ्यांना हे दिसत नाही म्हणून मी दिसणाऱ्या गोष्टींवरून अंदाज बांधला. रिंगचं भोक बरोबर मध्यावर आहे का, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, कडांना बारीक कंगोरे राहिलेत का, क्रोमखाली फोड आलेत का. क्रोमचा पापुद्रा सुटला की तो पात्यासारखा बोट कापतो. आयएसओ ७७३८ किंवा डीआयएन ३११३ असं मानक कोरलेलं असलं तर मी ते जमेची बाजू धरली. चकचकीत आरशासारख्या पान्यापेक्षा मंद, धुरकट झळाळीचा मला आवडला. तेलकट हातात तो कमी निसटतो.

रॅचेट तीन सुती, म्हणजे गोटी बसवायचा चौकोन ३/८ इंची असलेला घेतला. पाव इंची नाजूक पडतो, अर्धा इंची बॉनेटखाली शिरत नाही. ७२ दातांचा रॅचेट ५ अंशांच्या हालचालीत पुढचा दात पकडतो, ३६ दातांच्याला १० अंश लागतात. अरुंद जागेत हा फरक फार मोठा. दातांपेक्षाही एक गोष्ट मी जास्त बारकाईने पाहिली. दांडा मागे नेताना आतली यंत्रणा किती अडते? ती जड असेल तर सैल झालेला नट दांड्याबरोबर मागेच येतो आणि काम पुढे सरकत नाही. दुकानात रॅचेटचा चौकोन दोन बोटांनी फिरवून पाहिला की कळतं. सोबत एक आखूड आणि एक लांब एक्स्टेन्शन (रॅचेट आणि गोटी यांच्यामधला जोडदांडा), बस.

रॅचेटने चाकाचे नट सोडवायचे नाहीत, हे स्वतःला बजावून ठेवलं आहे. आतले बारीक दात त्या जोरासाठी नसतात. चाकासाठी वेगळा सरंजाम केला, आणि इथे मला साधं गणित करावं लागलं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटांसाठी सुमारे १०० न्यूटन-मीटर आवळ सांगितली आहे. गाडीबरोबर आलेला पाना जेमतेम २५ सेंटिमीटरचा. तेवढ्या लांबीवर १०० न्यूटन-मीटरला ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलो जोर लागतो. पण गॅरेजात हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने जास्त आवळलेला आणि वर गंजलेला नट दुप्पटही मागू शकतो. मग झाले ८० किलो. माझं वजन साठच्या आत आहे, म्हणजे त्या पान्यावर उभी राहिले तरी तो हलण्याची खात्री नाही. दांडा ४५ सेंटिमीटरचा केला की तेच काम ४५ किलोंवर येतं, आणि ते मला जमतं. म्हणून अर्धा इंची, ४५ सेंटिमीटर लांबीचा ब्रेकर बार घेतला. त्यात रॅचेट नाही, दात नाहीत, मोडण्यासारखं फारसं काही नाही.

लांब-आखूड होणारा दांडाही हातात घेऊन पाहिला होता. जागा कमी घेतो हे खरं, पण ओढून लांब केल्यावर सांध्यात हालचाल जाणवली आणि जोर देताना ती मला नकोशी वाटली. अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा चौफाळी पाना माझ्या दृष्टीने उत्तम हत्यार आहे. दोन्ही हातांनी एक वर, एक खाली असा जोर देता येतो आणि गोटी तिरकी होऊन निसटत नाही. ज्यांच्या गाडीत तो मावतो त्यांनी तोच घ्यावा. माझ्या डिकीत तो आडवा येत होता.

१९ची गोटी खोल आणि इम्पॅक्ट प्रकारची, म्हणजे काळी, क्रोम मॉलिब्डेनम पोलादाची घेतली. हे पोलाद धक्के सोसतं, चकचकीत क्रोमची गोटी धक्क्याने तडकू शकते. मात्र अलॉय चाकांत नटाभोवतीचं भोक अरुंद असतं, तिथे जाड भिंतीची गोटी शिरतच नाही. पातळ भिंतीची, बाहेरून प्लास्टिकचं आवरण असलेली मिळते, ती घेतली आणि विकत घेण्याआधी चाकात घालून पाहिली. ज्यांच्या चाकांना चोरीपासून बचाव करणारा कुलूप-नट आहे त्यांनी त्याची किल्ली हत्यारांसोबतच ठेवावी. ती घरातल्या कपाटात राहिली तर बाकी सगळा संच निरुपयोगी.

स्क्रू ड्रायव्हरवर लोक विचार करत नाहीत याचं मला वाईट वाटतं, कारण खराब झालेले स्क्रू मी बोल्टांपेक्षा जास्त पाहिलेत. प्लसच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू मोटारींच्या कारखान्यांत १९३६च्या सुमारास आले. त्या खाचेच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर वर ढकलला जातो आणि खाच कुरतडली जाते. त्यात जपानी गाड्यांतले प्लस स्क्रू दिसायला तसेच, पण खाचेचा आकार किंचित वेगळा. अशा स्क्रूच्या डोक्यावर बरेचदा एक बारीक टिंब असतं. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही. जपानी मानकाचा ड्रायव्हर घेतल्यावर पहिल्यांदा तो स्क्रूमध्ये टेकवला तेव्हा हाताला जाणवलं की आता हा कुठेही जाणार नाही. असा ड्रायव्हर दोन्ही प्रकारच्या स्क्रूंवर बऱ्यापैकी चालतो, म्हणून क्रमांक २चे दोन घेतले: एक लांब, एक आखूड बुटका. मूठ जाड बघितली, कारण मनगटाचा जोर मुठीच्या जाडीवर अवलंबून असतो. आणि मुठीच्या बुडाशी दांड्याला षटकोनी भाग असलेला निवडला, त्यावर पाना लावून जाम स्क्रू फोडता येतो. सपाट ड्रायव्हर एकच ठेवला. वस्तू उचकटायला तो वापरायचा नाही म्हणून प्लास्टिकची उचकणी वेगळी घेतली. ती क्लिपा तोडत नाही आणि रंगावर ओरखडे काढत नाही. टॉर्क्ससाठी एक मूठ आणि चार बिट पुरले.

पक्कडींची परीक्षा उजेडाकडे धरून होते. जबडे मिटायचे आणि मागून उजेड येऊ द्यायचा. टोकं भिडलेली, मागे अगदी बारीक फट आणि दोन्ही बाजूंना ती सारखी, हे हवं. सांध्यात डावी-उजवी हालचाल नको, तरी उघडझाप एका हाताने झाली पाहिजे. कापणाऱ्या धारेवर वायरचा एकच बारीक धागा ठेवून दाबायचा. तुटला तर धार ठीक, चेपून दुमडला तर पक्कड परत. लांब चोचीची पक्कड, कापणारी साधी पक्कड आणि बटण दाबून जबडा सरकवता येणारी मोठी पक्कड अशा तीन घेतल्या. तिसरीच्या एका हत्यारात होसची क्लिप, पाइप आणि विचित्र मापाचा नट सगळं बसतं.

चौथी, घट्ट धरून कुलूप होणारी पक्कड. अमेरिकेत स्थायिक झालेल्या विल्यम पीटरसन नावाच्या लोहाराने ती घडवली, त्याला १९२४ साली पेटंट मिळालं. डोकं गोल झालेल्या बोल्टवर हा शेवटचा उपाय, आणि तुटलेलं काही तात्पुरतं धरून ठेवायला तिसऱ्या हातासारखी. अ‍ॅडजस्टेबल पानाही एक आहे. स्वीडनच्या योहान पेटर योहानसनने १८९२ साली त्याचं पेटंट घेतलं आणि आजही तो जवळपास तसाच बनतो. यादीत नसलेलं माप समोर आलं तरच तो काढायचा, आणि ओढताना जोर हलत्या जबड्यावर न येता स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूने लावायचा. त्याची चाचणी म्हणजे हलता जबडा पकडून हलवणं. खडखडला तर नको.

विजेचं सामान मी थोडक्यात आटोपलं. छोटा मल्टिमीटर, कारण बॅटरी मेली की चार्जिंग बंद पडलंय हे त्याशिवाय कळत नाही. शांत उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. सुटे फ्यूज: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. बॅटरीच्या १०च्या पान्याला मधोमध इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली आहे, फक्त दोन टोकं उघडी. धन टर्मिनल सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो, म्हणून सोडवताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी. पक्कडीच्या मुठीवरचं मऊ प्लास्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. त्यासाठी १००० व्होल्टचं चिन्ह असलेली वेगळी हत्यारं येतात. १२ व्होल्टला ती लागत नाहीत, आणि हायब्रिड किंवा विजेवरच्या गाडीत नारिंगी केबलींना ती हातात असली तरी प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही.

हातोडा, पाइप पाना, छिन्नी बाद केली. ज्या कामाला ती लागतात ते काम रस्त्याच्या कडेचं नाही.

सगळं जमल्यावर मी तालीम केली. सपाट जमिनीवर, संध्याकाळी उजेड कमी होत असताना, फक्त गाडीतल्या सामानावर एक चाक काढून स्टेपनी लावली. नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल, मग जॅक, आणि गाडी जॅकवर असताना शरीराचा कुठलाही भाग खाली नाही. या तालमीतून यादीत भर पडली ती हत्यारांची नव्हे. मऊ मातीत जॅक रुतू नये म्हणून जाड लाकडी फळी, चाकांमागे लावायला दोन ठोकळे, गुडघ्याखाली टाकायला जाड फोमचा तुकडा, आणि डोक्याला बांधायचा दिवा. हातात बॅटरी धरून एका हाताने नट सोडवता येत नाही. दिव्यात साध्या अल्कलाइन सेलऐवजी एकदाच वापरायचे लिथियमचे सेल घातले. उन्हात तापलेल्या बंद गाडीत साधे सेल गळतात आणि दिवा आतून खातात. दिवा डिकीत न ठेवता समोरच्या खणात ठेवला, कारण डिकी उघडण्याआधीच तो लागतो.

ठेवायचं कशात, यावर मी पत्र्याची पेटी, प्लास्टिकची पेटी आणि जाड कॅनव्हासची गुंडाळी असे तिन्ही पर्याय हाताळले. गुंडाळी जिंकली. खडखडाट नाही, स्टेपनीशेजारच्या वेड्यावाकड्या जागेत बसते, आणि जमिनीवर पसरली की प्रत्येक खिसा समोर दिसतो. काम संपल्यावर रिकामा खिसा दिसला म्हणजे एखादं हत्यार इंजिनमध्ये राहिलं आहे. कॅनव्हास ओल धरतो हा त्याचा दोष. म्हणून प्रत्येक हत्यारावर तेलाच्या फडक्याचा हलका हात फिरवते आणि गुंडाळीत गंजरोधक कागदाची घडी ठेवते. पावसात वापरलेली हत्यारं पुसून, वाळवूनच परत जातात.

गुंडाळी पट्ट्याने गाडीच्या हुकाला बांधते. ताशी ५० किलोमीटरचा वेग एका दशांश सेकंदात शून्यावर आला तर सुटी वस्तू आपल्या वजनाच्या चौदापट जोराने पुढे येते. सात किलोंचा संच म्हणजे जवळजवळ शंभर किलोंचा आघात, आणि पुढे माणसं बसलेली असतात. म्हणून हा संच मागच्या सीटच्या वर येईल असा कधीही ठेवत नाही. सामानाच्या खाली दाबूनही ठेवत नाही, एका बाजूने हात घालून ओढता आला पाहिजे.

टॉर्क रेंचची, म्हणजे आवळ मोजून देणाऱ्या पान्याची जागा घरी ठरवली, यावर बराच विचार केला. त्यातली स्प्रिंग नाजूक असते, वापर झाल्यावर सर्वांत कमी आकड्यावर उतरवून ठेवावी लागते, आणि सततच्या हादऱ्यांत, उन्हात त्याचं माप विश्वासाचं राहील असं मला वाटत नाही. रस्त्यावर नट ताऱ्याच्या क्रमाने, समोरासमोर, ब्रेकर बारने बेताने आवळते. त्यावर उभी राहत नाही, आणि आट्यांना तेल लावत नाही, कारण पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे आणि तेलामुळे त्याच आकड्याला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. घरी पोचल्यावर टॉर्क रेंचने तपासते, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा.